घोड्यास औषध पाजणे



कामगार चळवळीतल्या माणसाने घोड्याच्या औषधावर बोलावे, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. परंतु घोडेवाला हाही कामगारच आहे. फरक इतकाच, की त्याचे यंत्र आजारी पडते, आणि ते मेले तर घरची चूल थंड होते. आम्ही शाळा फार शिकलो नाही. जे सांगणार आहोत ते पागेत उभे राहून, पशुवैद्यांना प्रश्न विचारून आणि मिळतील ती पुस्तके वाचून जमविलेले आहे.

घोडा पोटाकडे वळून पाहू लागला, जमीन उकरू लागला, लोळू लागला, की पहिली धाव बाटलीकडे! काढा किंवा तेल भरायचे, तोंड दोरीने आढ्याला टांगायचे, जीभ ओढून धरायची आणि ओतायचे. कोणी नाकपुडीतूनही ओततो. घोडा गप्प उभा राहिला, की औषध पोटात गेले असे सारे समजतात.

पुष्कळदा ते फुप्फुसात गेलेले असते. मान ताणली आणि जीभ धरली, की घोड्याला नीट गिळता येत नाही, आणि औषध श्वासनलिकेत उतरते. काढ्याने निदान ठसका तरी लागतो. पातळ पॅराफिनसारखे बेचव तेल ठसक्यावाचूनही आत जाऊ शकते. पोटदुखी कदाचित त्याच दिवशी थांबते. मग दोन-चार दिवसांनी ताप चढतो, श्वासाला घाण येते आणि जनावर जाते. मालक म्हणतो, पोटशुळाने घोडा गेला. बाटलीवर आळ येतच नाही, म्हणून ती पुढच्या घोड्यासाठी खुंटीवर तशीच राहते. या सगळ्या प्रकारात आम्हांला भयंकर वाटते ते हेच.

त्यात घोड्याला ओकारी होत नाही. पोटशुळात कधी कधी जठर आधीच तुंबलेले असते. वरून आणखी ओतले तर ते फुटू शकते. डॉक्टर नाकपुडीतून लांब नळी जठरापर्यंत नेतो, ती अशा वेळी आधी साचलेले बाहेर काढण्यासाठी. नळी अन्ननलिकेतच उतरली ना, हे तो मानेच्या डाव्या बाजूस पाहून, हात लावून ताडतो. मोठ्या घोड्याला तीन-चार लिटर तेलही द्यावे लागते. तेवढे नळीवाटेच जावे. हे काम नुसते पाहून करण्याचे नव्हे.

डॉक्टरने थोडे औषध घरी द्यायला सांगितले तर पिचकारी घ्यावी. काचेची बाटली दाताखाली फुटते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये लगामाचे लोखंड बसते ती मोकळी जागा असते. तेथून जिभेवर थोडेसे सोडावे, गिळेपर्यंत थांबावे. तोंड फार वर उचलू नये. ठसका लागला की मान तत्काळ मोकळी सोडावी.

मग बाटली सुटत का नाही? घोडेवाला अडाणी म्हणून, हे उत्तर आम्हांस मान्य नाही. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. पण माथेरानच्या डोंगरावर रात्री दोन वाजता घोडा लोळू लागला, तर परळ काय कामाचे? शिवाय फी हंगामातल्या कमाईतून द्यायची. वरातीची घोडी ठरविताना आपण जो भाव पाडतो, त्यात डॉक्टरची फी कुठे बसते हे आपणच सांगा. घोडेवाल्यांनी दरमहा वर्गणी काढून एक डॉक्टर बांधून घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. एकट्याला न झेपणारी फी वीस जणांना झेपते.

डॉक्टर येईपर्यंत चारा, चंदी काढून घ्यावी, लोळताना लागेल असे सामान दूर करावे, उभा राहत असेल तर हळू फिरवावे. आणि कोणी आधीच काही ओतले असेल, तर डॉक्टरला ते स्पष्ट सांगावे: काय, किती, केव्हा. बोलणी बसतील म्हणून पुष्कळ जण हे लपवितात, आणि डॉक्टर फुप्फुसे न तपासताच परत जातो.