बाळ कसं आहे? आणि बाळाची आई?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात मांडवा येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांत आपल्या आवारात किती बारशी झाली, याची नोंद ऑफिसच्या रजिस्टरात नाही. पण घुगऱ्या मात्र सगळ्यांनी खाल्ल्यात! कमिटीने 'आरोग्यावर बोला' म्हटलं. मी प्रसूती विभागात नर्स होते, म्हणून बाळंतिणीच्या मनाचा विषय घेतला.

बाळंतिणीच्या शरीराची काळजी आपण नीट घेतो. अळीव, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सव्वा महिना आराम. मन मात्र राहून जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि पंधरा दिवसांत निवळतं. पण दोन आठवडे उलटूनही उदास वाटतंय, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, 'मी चांगली आई नाही' हे मनातून जात नाही, तर तो आजार आहे. 'आम्ही नाही का पोरं वाढवली?' असं म्हणून तो बरा होत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यातलंच उदाहरण सांगते. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं. त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास होता. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मुलगा हवा असताना मुलगी होणं, अशी कारणं दिसली. म्हणजे डोहाळजेवणात ओटी भरताना 'मुलगाच होऊ दे' म्हणतो, तेही जपून बोलायला हवं.

पुढे गोव्यातच दुसरा प्रयोग झाला. गावातल्या साध्या बायकांना शिकवून 'सखी' केलं. त्या गरोदर बाईच्या घरी जायच्या, बसायच्या, ऐकून घ्यायच्या, आणि बाळंतपणानंतरही जात राहायच्या. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नैराश्यातून सावरायला या सख्यांची मदत झाली. त्या डॉक्टर नव्हत्या, शेजारणीच होत्या.

आपल्याकडे हे का लागतं? कित्येक घरांतला मुलगा सकाळच्या लाँचने गेटवेला जातो, रात्री येतो. सुनेचं माहेर लांब. दिवसभर ती आणि बाळ. आणि बापाचंही मन थकतं बरं का. साधारण दहा बापांत एकाला हा त्रास होतो. तो बोलत नाही, फक्त घरी उशिरा येऊ लागतो.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. बाळ बघायला जाल तेव्हा आधी आईला विचारा, 'तू कशी आहेस? झोप होते का?' उत्तर येईपर्यंत थांबा. तासभर बाळ सांभाळा, तिला झोपू द्या. आशाताई ४२ दिवसांत घरी येऊन बाळाला तपासतात, त्यांना आईचंही सांगा. औषध लागलं तर घाबरू नका. अंगावर पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत, ती डॉक्टर ठरवतील.

एक गोष्ट मात्र थांबून बघायची नाही. नसलेले आवाज ऐकू येणं, विचित्र संशय, रात्र-रात्र जागरण, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याची भाषा, असं काही दिसलं तर तिला एकटी सोडू नका. बाळाजवळही कुणीतरी थांबा आणि त्याच दिवशी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्या. 'बाहेरचं झालंय' म्हणून आधी दुसरीकडे फिरू नका. उपचारासाठी दाखल करावं लागलं, तरी तीन वर्षांखालचं मूल शक्यतो आईपासून दूर करू नये, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.

सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलतात.

आपल्या नोटीस बोर्डावर पाण्याच्या वेळा आणि मेंटेनन्सची तारीख असते. सेक्रेटरीसाहेब, त्याखाली हा नंबरही मोठ्या अक्षरात लावा, एवढी विनंती करते आणि थांबते.