घरपट्टीची आकारणी आणि नागरिकाची हरकत



घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस घरी आली की बहुतेक कुटुंबांत तिची गत दोहोंपैकी एक होते. काही जण ती न वाचताच खिळ्याला अडकवून ठेवतात. काही जण आकडा पाहून संतापतात आणि चार दिवसांनी शांत होतात. दोन्ही ठिकाणी एक महत्त्वाची गोष्ट राहून जाते. त्या कागदावर हरकत नोंदविण्याची शेवटची तारीख दिलेली असते. ती तारीख उलटून गेली, की चुकीची आकारणीही पुढील काही वर्षांसाठी मालकाच्या माथी बसते.

घरपट्टी हा नगराच्या संसाराचा मोठा आधार आहे. रस्ते, गटारे, दिवाबत्ती, कचऱ्याची विल्हेवाट ही कामे तिच्यावाचून चालत नाहीत. म्हणून ती वेळेवर भरणे हे कर्तव्य होय. परंतु ती योग्य मापाने आकारली जावी, असा आग्रह धरणे हेही नागरिकाचे कर्तव्यच आहे. हरकत घेणे म्हणजे कर चुकविणे नव्हे. एका घरावर कमी आणि शेजारच्या तशाच घरावर जास्त कर बसला, तर अन्याय होतो तो केवळ एका मालकावर नव्हे. साऱ्या गावाचा करव्यवस्थेवरील विश्वासच त्यामुळे ढळतो.

आकारणी होते कशी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रातील ज्या नगरपालिका व महानगरपालिका भाड्याच्या आधारे कर आकारतात, तेथे घर वर्षभर भाड्याने दिल्यास वाजवीपणे किती भाडे येईल, याचा अंदाज केला जातो. त्या रकमेतून दुरुस्ती व इतर सर्व खर्चाबद्दल दहा टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर ठरलेल्या दराने कर बसतो. काल्पनिक भाडेकरूच्या भाड्यावरून घराचे मूल्य ठरविण्याची ही कल्पना मूळची इंग्लंडातील; तेथील १८३६ च्या कायद्यात ती स्पष्टपणे मांडली गेली. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातून ती आपल्याकडे रुजली.

खुद्द इंग्लंडने राहत्या घरांपुरती ही पद्धत पुढे सोडून दिली. तेथे १९९३ पासून घरांचे आठ गट पाडून कर घेतला जातो, आणि गट ठरतो तो १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची जी किंमत आली असती तिच्यावरून. आपला गट चुकला आहे असे वाटल्यास तेथील रहिवासी फेरतपासणी मागू शकतो. मात्र तपासणीत गट कमी होण्याऐवजी वाढण्याचाही संभव असतो. म्हणून जाणते लोक आधी शेजारच्या सारख्या घरांचे गट पाहतात, १९९१ च्या सुमारास झालेल्या विक्रीच्या किमती शोधतात आणि मगच अर्ज करतात. आधी पुरावा, मग तक्रार, हा त्यातील धडा आपल्यालाही उपयोगी आहे.

आता आपल्या नगरपालिकांकडे वळू. १९६५ च्या अधिनियमानुसार नगरपालिकांत दर चार वर्षांनी आकारणीची यादी नव्याने तयार होते. यादी तयार झाल्यावर जाहीर नोटीस निघते. मालकास किंवा भोगवटादारास ती यादी पाहता येते, आपल्या घराचा उतारा लिहून घेता येतो आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत देता येते. ही मुदत सामान्यतः तीस दिवसांची असते. महानगरपालिकांसाठी १९४९ चा अधिनियम आहे. त्यात घराची नोंद प्रथमच झाली असेल किंवा करयोग्य मूल्य वाढविले असेल, तर मालकास स्वतंत्र लेखी नोटीस देण्याची तरतूद आहे. अर्जात हरकतीची कारणे थोडक्यात, परंतु पूर्णपणे मांडावी लागतात. त्यानंतर सुनावणीचा दिवस कळविला जातो. अर्जदार गैरहजर राहिला, तरी निर्णय होऊ शकतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका निवृत्त शिक्षकाचे घर ४५० चौरस फुटांचे आहे, पण नोंदवहीत ते ६०० चौरस फूट लागले. भाड्याचा दर दरमहा चौरस फुटास दोन रुपये धरला, तर खरे वार्षिक भाडे १०,८०० रुपये आणि करयोग्य मूल्य ९,७२० रुपये होते. चुकीच्या नोंदीने तेच भाडे १४,४०० आणि मूल्य १२,९६० रुपयांवर जाते. सर्व करांचा मिळून दर तीस टक्के मानला, तर वर्षाला ९७२ रुपये आणि चार वर्षांत ३,८८८ रुपये जादा जातात. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नव्हे. आणि चूक दुरुस्त होण्यास लागते काय, तर मंजूर नकाशाची किंवा खरेदीखताची प्रत, घराचे मोजमाप आणि एक अर्ज.

अशा चुका अनेक प्रकारच्या असतात. क्षेत्रफळ जास्त लागते. स्वतः राहत असलेले घर भाड्याने दिलेले म्हणून नोंदले जाते. पाडलेली पडवी वहीत उभीच राहते. जुन्या मातीच्या घराला सिमेंट काँक्रीटच्या इमारतीचा दर लागतो. यांपैकी कोणती चूक झाली आहे, हे नेमके दाखवून दिले तर हरकतीला वजन येते. ‘कर फार झाला, परवडत नाही’ एवढेच लिहिलेल्या अर्जातून काही निष्पन्न होत नाही. कराचा दर ठरविणे हे लोकप्रतिनिधींच्या सभेचे काम आहे, आणि त्याविषयीचे गाऱ्हाणे नगरसेवकाकडे मांडावे. हरकतीच्या सुनावणीत तपासले जाते ते मूल्य आणि त्यामागची नोंद. त्याचबरोबर हेही ध्यानी ठेवावे, की तपासणीसाठी आलेल्या कर्मचाऱ्यास न नोंदलेला वाढीव मजला दिसला, तर तोही आकारणीत येणार.

हरकतीचा निर्णय मान्य नसेल तर अपिलाचा मार्ग आहे. महानगरपालिका क्षेत्रात ते न्यायाधीशापुढे पंधरा दिवसांच्या आत करावे लागते. तेथे दोन अटी आड येतात. करयोग्य मूल्याविषयी आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असली पाहिजे, आणि मागणीची रक्कम भरलेली असली पाहिजे. ज्याने मुदतीत हरकतच घेतली नाही, त्याला अपिलाचे दार बहुधा बंदच असते. म्हणूनच त्या पहिल्या साध्या अर्जाचे महत्त्व फार मोठे आहे. वाद चालू आहे म्हणून कर थकविणेही शहाणपणाचे नाही. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत जाते.

जागरूकतेचे फळ मिळते, याची उदाहरणे दूरची नाहीत. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आकारला जाऊ लागला. त्या नियमांतील काही तरतुदींना मालमत्ताधारकांनी आव्हान दिले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या रद्द ठरविल्या आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. जमीन किंवा इमारत आज ज्या स्थितीत आहे तिचेच मूल्य धरावे, पुढे होऊ शकणाऱ्या बांधकामाचे नव्हे, असे त्यातून स्पष्ट झाले. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकांना १९७० पासून मिळणारी चाळीस टक्क्यांची सवलत मध्यंतरी बंद झाली होती. ती २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. परंतु ज्यांची सवलत गेली होती त्यांना ती मिळविण्यासाठी पुराव्यासह अर्ज द्यावा लागला. हक्क कायद्याने दिला, तरी अर्ज नागरिकालाच करावा लागतो.

नगरपालिकांकडूनही काही अपेक्षा आहेत. नोटीस सोप्या मराठीत असावी, क्षेत्रफळ व दर तीत स्वच्छ लिहिलेले असावेत आणि सुनावणीस आलेल्या वृद्धाला दिवसभर ताटकळावे लागू नये. नागरिकांनी आपल्या बाजूने एवढे करावे: नोटीस आली त्याच दिवशी शेवटची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी, घराचे मोजमाप स्वतः घ्यावे, यादीतील आपली नोंद पाहून यावी, अर्जाची पोच तारखेसह जपून ठेवावी आणि सुनावणीस जातीने हजर राहावे. आकडा बरोबर निघाला तर कर समाधानाने भरावा. चूक निघाली तर ती मुदतीत दाखवून द्यावी.