खोक्यातला उजेड
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. फोटोग्राफीवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण स्मरणिकेसाठी जुन्या सभासदांचे फोटो काढायचे काम तुम्ही माझ्यावर सोपवलेत, त्यात जे शिकले ते सांगते.

पहिला फोटो आपल्या आजींचा. रात्री, मोबाइलचा फ्लॅश लावून काढला. चेहरा पिठासारखा पांढरा, मागे भिंतीवर काळी सावली, चष्म्यात नुसती चकाकी. आजी म्हणाल्या, "ही मी नव्हे गं." मी म्हटले, पुन्हा काढू.

मग विचार केला. भर उन्हात सावली कडक पडते, ढगाळ दिवशी मऊ. उघडा सूर्य दिसायला एवढासा, पण ढग तोच उजेड आभाळभर पसरवतात. तेव्हा आपला दिवाही पसरट केला पाहिजे.

वाण्याकडून एक रुंद खोके आणले. आतून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला. मागे भोक पाडून एलईडीचा बल्ब बसवला आणि तोंडावर पांढऱ्या धुवट धोतराचा तुकडा ताणून बांधला. बल्ब कापडाला किंवा पुठ्ठ्याला टेकू देऊ नका. जुना शंभर वॅटचा तर मुळीच लावू नका. तो फार तापतो, कापड पेटेल.

खोके माणसाच्या एका बाजूला, डोक्याहून जरा उंच, दोन हातांवर ठेवा. लांब नेले की उजेड कमी होतो आणि सावली पुन्हा कडक होते. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद डकवलेला पुठ्ठा धरा, म्हणजे अंधारातला गाल उजळतो. चष्म्यात चकाकी दिसली तर खोके आणखी बाजूला सरकवा. घरातले बाकी दिवे मालवा, नाहीतर पिवळा-पांढरा उजेड मिसळून चेहऱ्याचा रंग बिघडतो. मी आधी नारळ ठेवून सराव केला! दिवसा मात्र एवढा खटाटोप नको. थेट ऊन न येणारी खिडकी पुरते.

बाकी सगळ्यांचे फोटो चांगले आले. सुरकुत्या आल्या, आणि शोभल्याही. आजींचा तेवढा राहिला. आज काढू, उद्या काढू म्हणता म्हणता आषाढात त्या गेल्या. स्मरणिकेत त्यांचा तो पिठासारखा फोटोच जाणार, ही चूक माझी.

खोके मंडळाच्या कपाटावर ठेवले आहे. ज्यांच्या घरी वडीलधारे माणूस आहे त्यांनी ते घेऊन जावे. उद्या नव्हे, आजच.