भीमबेटकाची चित्रलिखित शिळा

भोपाळच्या दक्षिणेस, ओबेदुल्लागंज ओलांडल्यावर विंध्याच्या सागवानी रानातून वालुकाश्माचे जे प्रचंड कडे एकाएकी माथा वर काढतात, त्या स्थानाचे नाव भीमबेटका. १८८८ साली किंकेड या इंग्रज गृहस्थाने आसपासच्या आदिवासींच्या सांगण्यावरून हे बौद्ध स्थळ असल्याची नोंद केली, आणि ती दफ्तरात तशीच पडून राहिली. पुढे १९५७ साली उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी आगगाडीतून जाताना हे कडे पाहिले आणि मागाहून रान तुडवीत ते तेथवर पोहोचले, तेव्हा कुठे येथल्या खडकांवरील चित्रांची महती विद्वानांना कळली. वाकणकर पुरातत्त्वज्ञ खरेच, पण त्याआधी चित्रकार होते; म्हणूनच या खडकांनी त्यांना खुणावले असावे, असे मला वाटते.

येथील सातशेहून अधिक शैलाश्रयांपैकी चारशेहून अधिक चित्रांकित आहेत. एका शिळेवर सशिंग असा अवाढव्य वराह एका इवल्याशा माणसामागे लागला आहे. त्या माणसाचे फाकलेले पाय पाहताना आपल्याच छातीत धडधड होते. पण मी सर्वांत अधिक वेळ रेंगाळलो तो ‘झू रॉक’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या शिळेपाशी. गेरूचा लाल आणि मातकट पांढरा अशा दोन रंगांत तेथे हत्ती, गवे, सांबरे यांची एकच दाटी झाली असून, शिकारीवर जगणाऱ्या मध्याश्मयुगीन माणसाने रेखाटलेल्या पशूंच्या जवळच, कित्येक ठिकाणी त्यांच्या अंगावरूनच, ऐतिहासिक काळातील ढालतलवारीचे घोडेस्वार दौडत गेले आहेत. मधल्या सहस्रावधी वर्षांत मुलूख पालटला, अंमल पालटले; मात्र जुने चित्र खरवडून जागा मोकळी करावी, असे त्या मागाहून आलेल्या चित्रकारास वाटले नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९७३ पासून येथे उत्खनन केले, तेव्हा जमिनीखालीही वस्तीचे असेच थरावर थर निघाले. अगदी तळाशी दगडी हातकुऱ्हाडी होत्या. भूमीचे थर मात्र आपोआप साचतात, चित्रांचे तसे नव्हे. लगतचा कोरा खडक सोडून त्याच शिळेवर पुनःपुन्हा रंग चढविण्यात निवड आहे. केवळ शोभेसाठी हा खटाटोप झाला, हे मला पटत नाही. कारण काही चित्रे इतक्या उंचावर आहेत की तेथे हात पोचविण्यास परांची किंवा झाडाचा आधार घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते.