आनंदघन कोण?



आज आम्ही तुम्हांला एका गाण्याची हकीकत सांगणार आहोत. लोहाराच्या ऐरणीचं ते गाणं तुम्ही रेडिओवर पुष्कळदा ऐकलं असेल. ते १९६५ सालच्या ‘साधी माणसं’ या चित्रपटातले. शब्द जगदीश खेबुडकरांचे. गायल्या लता मंगेशकर. मग चाल कोणी लावली? पडद्यावर नाव आले ‘आनंदघन’.

चाल लावणे म्हणजे काय? कवी शब्द देतो. ते कोणत्या सुरात म्हणायचे, कुठे थांबायचे, बासरी कुठे वाजवायची, ढोलकी कुठे, हे सारे संगीतकार ठरवतो. त्या काळी हे काम बहुतेक पुरुषच करीत.

‘साधी माणसं’ला राज्य शासनाचे उत्कृष्ट संगीताचे बक्षीस मिळाले. असं सांगतात की, समारंभात ‘आनंदघन’ हे नाव पुकारले, पण कोणी उठेना. शेवटी पुकारणाऱ्यानेच सांगून टाकले. आनंदघन म्हणजे इथेच बसलेल्या लताबाई!

लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला झाला. वडील मास्टर दीनानाथ नाटकात गात. लेकीला पहिले सूर त्यांनीच दिले. १९४२ साली ते वारले. लताबाईंना तेव्हा तेरा वर्षंही पुरी नव्हती. पाठीवर तीन बहिणी आणि एक भाऊ. घर चालवायला त्या चित्रपटांत कामे करू लागल्या, गाऊ लागल्या.

१९५० साली ‘राम राम पाव्हणं’ या चित्रपटाला त्यांनी आपल्याच नावाने संगीत दिले. पुढे भालजी पेंढारकर ‘मोहित्यांची मंजुळा’ काढीत होते. लताबाई म्हणाल्या, चाली आम्ही लावू. पण भालजींना काळजी वाटली. चाली पडल्या, तर एवढ्या कष्टाने मिळवलेल्या नावाला धक्का लागायचा. म्हणून टोपणनाव घेतले. या नावाने त्यांनी १९६३ ते १९६९ या काळात चार चित्रपटांना संगीत दिले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या गेल्या.

आता विचार करा. एवढी मोठी बाई, तिलाही नाव झाकून काम करावे लागले. मग जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्या आयाबायांचे काय? त्यांची नावे कोणाला ठाऊक?

एकीचे ठाऊक आहे. गंगाखेडची जनाबाई. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज, त्यांच्या घरी ती दळणकांडण करी. पण अभंगाच्या शेवटी ‘जनी’ हे आपले नाव तिने घातले. म्हणून सातशे वर्षांनीही आपण तिला ओळखतो.

कोणी म्हणेल, गुरुजी, ओवी काय एकीची असते? तोंडोतोंडी ती चालत येते. खरं आहे. पण प्रत्येक बाई तिच्यात आपली भर घालते. ती बाई गेली की तिची भरही जाते.

तुम्ही आता लिहायला शिकलात. एक वही करा. घरातल्या म्हातारीला ओवी म्हणायला सांगा आणि लिहून घ्या. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. खाली तिचे नाव लिहा, गाव लिहा. मग ते नाव तिला वाचून दाखवा.