तीन महिने विश्रांती, पण कोणाच्या जिवावर?

(डहाणू-तलासरी भागातल्या महिला गटांच्या सायवन इथल्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर 'पाठीच्या ऑपरेशननंतर नवऱ्याची काळजी' असं वाचून मघाशी दोघीतिघी हसल्या. एकीनं विचारलंही, "ताई, पतिसेवेचे धडे कधीपासून द्यायला लागलात?" प्रश्न रास्त आहे. वडाच्या फेऱ्यांवर आपण पथनाट्यं केली आहेत. 'सेवा' या गोड शब्दाखाली बाईकडून काय काय काढून घेतलं जातं, हे आपली चळवळ कित्येक वर्षं सांगत आली आहे. म्हणून तर हा विषय मी मागून घेतला. आजारी माणसाचं करायला हवं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या करण्याला काम म्हणायचं की नाही, ते कोणी कोणी करायचं आणि करणारीच्या शरीराचं पुढे काय होतं, हे आपण कधी नीट बोललेलो नाही.

माझा जोडीदार आश्रमशाळेत शिक्षक आहे. (चळवळीत आपण 'जोडीदार' म्हणतो. सासूबाईंसमोर अजून 'हे' असंच तोंडात येतं. ते असो.) रोज मोटरसायकलवरून जाणं-येणं, आपले रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. दोन वर्षांपूर्वी त्याची कंबर धरली, मग डाव्या पायात कळ उतरायला लागली, मग चालताना पाऊल उचलेना. दोन मणक्यांमधली गादी सरकून शिर दाबली गेली होती. सायवनला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, कासा आणि डहाणूला सरकारी रुग्णालयं आहेत. पण मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडची माणसं वलसाड, सिल्वासा, नाशिक नाहीतर मुंबई गाठतात. आम्ही नाशिक गाठलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी सगळ्या सूचना माझ्याकडे बघून दिल्या. ज्याची पाठ, तो शेजारीच उभा होता. त्याला वाकू देऊ नका, वजन उचलू देऊ नका, जमिनीवर बसू देऊ नका, गाडी चालवू देऊ नका. कार्डावर लिहिलं, 'विश्रांती'. मी नोकरी करते का, घरात आणखी कोण आहे, पाणी कुठून भरता, संडास कसला आहे, यातलं एकही विचारलं गेलं नाही. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला दोन वर्षं हेच शिकवतात, की माणसाच्या आजाराबरोबर त्याचं घर बघा. इथे आजार होता, पुरुष होता, आणि घर म्हणजे मी, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

त्या वॉर्डात मी आठवडाभर होते. पुरुषांच्या खाटांशेजारी बायका बसलेल्या. बायकांच्या खाटांशेजारी कोण? आई, बहीण, लेक. नवरे संध्याकाळी डबा घेऊन यायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि जायचे. एक मात्र अपवाद होता, भगूरकडचे एक म्हातारबाबा. बायकोची वेणीसुद्धा तेच घालायचे. सगळा वॉर्ड त्यांच्याकडे कौतुकानं बघायचा. इतर खाटांशेजारच्या बायकांकडे मात्र कोणी तसं बघत नव्हतं.

घरी आल्यावर मी एक खेळ केला. दिवसभरात आपण किती वेळा वाकतो ते मोजायचं. त्याच्या पायात चप्पल घालायला, पडलेला टॉवेल उचलायला, बादली सरकवायला, भांडं द्यायला, भांडं न्यायला. दुपारी शंभराच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. त्याला जे जे वाकणं मना होतं, ते सगळं माझ्या पाठीवर आलं होतं. त्याची रजा पगारी होती आणि माझी बिनपगारी. म्हणजे त्याच्या विश्रांतीचे पैसे सरकार देत होतं आणि ती विश्रांती तयार करण्याचे पैसे माझ्या खिशातून जात होते. सरकारनं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि ती कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही साध्या दिवसांची गोष्ट. घरात खाटेवरचं दुखणं आलं की काय होत असेल ते तुम्हीच ताडून बघा.

पण माझं सोपं होतं. आता इथल्याच एका पाड्यावरच्या मैत्रिणीचं सांगते. ती आज इथे बसली आहे, तिच्या परवानगीनं बोलते, नाव घेत नाही. दिवाळीनंतर आपल्याकडची माणसं कामाला बाहेर पडतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून, कोणी इमारतीच्या कामावर. तिचा नवरा तिकडे एका शहरात परांचीवरून दुसऱ्या मजल्यावरून पडला. मणका मोडला. शेटनं गाडी करून दिली, हातावर दोन हजार टेकवले आणि मोकळा झाला. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं, स्क्रू आणि सळ्या घातल्या. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला. ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ साली तिचं नाव बदललं. तिच्यात घरी परतायचं एस.टी.चं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं आणि सुटी मिळाल्यानंतर १० दिवसांचं औषधपाणी धरलेलं आहे, हे लक्षात ठेवा आणि मागून घ्या. मणका सांधायला मात्र तीन महिने, कधी जास्तही लागतात. अकराव्या दिवसापासून पुढे ती योजना म्हणजे त्याची बायको.

नवरा घरी आला तो नेमका आवणीच्या तोंडावर. कुडाचं घर, जमीन सारवलेली, संडास लांब. घरात तीन पोरं, थोरली अकरा वर्षांची. सकाळी पाणी, मग त्याचं सगळं आवरणं, मग दिवसभर दुसऱ्याच्या शेतात चिखलात वाकून भात लावणं, संध्याकाळी मोळी. आठव्या दिवशी थोरलीची शाळा सुटली. 'सोडली' म्हणू नका, त्या पोरीनं काही सोडलं नव्हतं. डोक्यावर हंडा आल्यावर दप्तर ठेवणार कुठे?

आमच्या गटाला कळलं तेव्हा आम्ही चौघी गेलो. आता थोडं कामाचं बोलते, कारण हे तुमच्याही पाड्यावर येणार आहे. पहिलं म्हणजे खाली अंथरूण नको, खाली बसणं-उठणं नको. बाज असेल तर सुंभ घट्ट आवळून घ्या, झोळ पडलेली बाज वाईट. वर जाड गोधडी. कुशीवर वळवताना खांदा आणि ढुंगण एकदमच वळलं पाहिजे, ओंडका वळवतो तसं. पिळा पडता कामा नये. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन बसायचं. हे तो स्वतः करायला शिकला की तुमची निम्मी ओढाताण वाचते. त्याला काखेत हात घालून ओढू नका. त्यानं त्याचंही नुकसान आणि तुमचंही. उकिडवं बसणं मना असतं, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडा, खाली भांडं ठेवा. त्या घरात ही खुर्ची आली त्या दिवशी ती बाई पहिल्यांदा हसली.

आणि विश्रांती म्हणजे दिवसभर पडून राहणं, हा गैरसमज काढून टाका. डॉक्टरांनी परवानगी दिली की चालायचं, रोज थोडं जास्त. आधी दारापर्यंत, मग आंब्यापर्यंत, मग विहिरीपर्यंत. बिडी-तंबाखूनं हाड सांधायला उशीर होतो. दुखण्याची गोळी उपाशीपोटी नको, आणि ताडी-दारूबरोबर तर मुळीच नको, पोटात रक्तस्राव होतो. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, जांघेची-ढुंगणाची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, ताप आला, टाक्यांतून पाणी-पू आला, तर भगताकडे नाही, हाडवैदाकडे नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणखी एक, आपल्या भागापुरतं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसत आले आहेत, लोकांनी थंडीत बाहेर झोपून रात्री काढल्या आहेत. म्हणून उठता न येणाऱ्या माणसाची बाज दाराजवळ टाका आणि दोन दांडगी माणसं कोणती, हे आधी ठरवून ठेवा.

ही दोन माणसं कोण, यावरूनच पाड्यावर खरी वादावादी झाली. दीर धडधाकट. आम्ही म्हटलं, भावाची आंघोळ तू घाल. तो म्हणाला, "वहिनी आहे ना." वहिनी चिखलात आहे, हे त्याला दिसत होतं, पण कळत नव्हतं. तीन बैठका झाल्या. शेवटी त्याच्या आईनंच त्याला झापलं, "लहानपणी तुझी आंघोळ याच भावानं घातली." त्यानंतर सकाळचं तो करायला लागला. पाण्याच्या खेपा शेजारच्या चार घरांनी वाटून घेतल्या, आठवड्यातले तीन दिवस पुरुषांनी. थोरली पुन्हा शाळेत जायला लागली, पण वर्गात मागे पडली ती पडलीच. ती कसर अजून भरलेली नाही.

आता सगळ्यांत अवघड मुद्दा. तो खाली मान घालून ऐकू नका. पडून असलेला माणूस चिडतो. कमावता पुरुष खाटेवर पडला की त्याला वाटतं, आपली किंमत गेली. तो ताट भिरकावतो, संशय घेतो, कुठे होतीस एवढा वेळ म्हणतो. माझ्याही घरी आवाज चढले, शिकलेलं घर म्हणून काही वेगळं नव्हतं. वेदना होतात हे खरं आहे. पण वेदनेनं हात उगारायचा परवाना मिळत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आजारी नवऱ्यालाही लागू आहे. आणि रात्रीचं काय? डॉक्टर बहुधा त्याबद्दल बोलत नाहीत, आणि बाई विचारत नाही. टाके भरेपर्यंत, डॉक्टर हो म्हणेपर्यंत शरीरसंबंध टाळायचा, हे स्पष्ट विचारून घ्या. नंतरसुद्धा दिवसभर राबून तुमची पाठ मोडली असेल, तर नको म्हणायचा हक्क तुमचा आहे. एक बाई मला म्हणाली, "त्याच्या पाठीला जपायचं म्हणून सगळं मीच करायचं, आणि ह्यातही मीच." तेव्हा सगळ्या हसल्या. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

मोठ्या माणसांच्या घरीही गणित फार वेगळं नसतं. बाबा आमट्यांना मणक्याच्या दुखण्यानं बसणं अशक्य झालं होतं, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. १९८५ साली 'भारत जोडो' घेऊन ते कन्याकुमारीहून निघाले, ते असेच गाडीत आडवे पडून. पुढे नर्मदाकाठी कसरावदला वर्षानुवर्षं राहिले. या सगळ्यात साधनाताई बरोबर होत्या. त्यांनी आपल्या आत्मकथेला नाव दिलं 'समिधा'. होमात जळतात त्या काटक्या. ते नाव वाचताना मला आदर वाटतो आणि थोडी अस्वस्थताही येते. त्यांनी ते आयुष्य स्वतः निवडलं होतं. आपल्या पाड्यावरच्या बाईला कोणी विचारलेलं नसतं.

भरपाईचंही तसंच आहे. कामावर अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची, हे आपल्या देशात १९२३ च्या कायद्यानं आलं, आणि १९९५ च्या दुरुस्तीनं कामगाराला आपल्या राहत्या भागातूनही अर्ज करता यायला लागला. आम्ही त्या आधारावर शेटविरुद्ध अर्ज केला. तारखा चालू आहेत. शेट म्हणतो, हा माणूस माझ्याकडे नव्हताच. म्हणून मुकादमाचं नाव, उचल घेतल्याची तारीख, साइटवरचा फोटो जपून ठेवा. त्या अर्जात त्याची कमाई किती बुडाली, त्याचा हिशेब आहे. तिच्या बुडालेल्या मजुरीला रकानाच नाही. रस्ते अपघातात मात्र न्यायालयं सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च धरतात. २०२० साली अपघातानं कायमच्या जायबंदी झालेल्या एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो धरला. मग परांचीवरून पडलेल्याला का नाही? आमच्या वकिलांनी मान हलवली. तरी आम्ही तिच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब एका साध्या कागदावर लिहून अर्जाला जोडलाच आहे.

तिचा नवरा आता काठीनं चालतो, शेळ्या राखतो, चूल पेटवतो. आणि तिची कंबर गेली आहे. सकाळी उठताना भिंत धरावी लागते. आरोग्य केंद्रात तिला गोळ्या मिळाल्या आणि सांगितलं, वाकू नका, वजन उचलू नका. तिनं मला विचारलं, "मग माझं कोण करणार?"

तिच्या प्रश्नावरून एक निवेदन तयार केलं आहे. मणक्याचं ऑपरेशन झालेला पेशंट गावात आला की पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आरोग्य केंद्राचं माणूस घरी यावं. व्यायाम शिकवणारा तज्ज्ञ महिन्यातून ठरलेल्या दिवशी सायवनला यावा, आणि ते वेळापत्रक फळ्यावर लागावं. सुटीच्या कार्डावर घरी सांभाळणारं माणूस कोण आणि त्याची स्वतःची तब्येत कशी, हे लिहिलं जावं. आणि आशाताईंवर हे आणखी एक काम फुकट लादू नये, त्यांना त्याचा मोबदला मिळावा. चौथी मागणी आशाताईंनीच घालायला लावली. कागद इथे ठेवला आहे, अंगठ्यासाठी शाईही आहे. तलासरीच्या गटाला पाच नावं सुचवायची आहेत, त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे द्यावीत.