भट्टीवरचं झाकण

भोसरी-चिंचवडच्या, पुण्याच्या आसपासच्या फाउंड्रीवाल्यांशी आज बोलायचं आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला, तेव्हापासून बीड ओतण्याची विद्या आपल्या मुलखात मुरलेली आहे. कोकचे कपोले मागे पडले, इंडक्शन भट्ट्या आल्या. आता त्याहून नव्या भट्टीची कोटेशनं टेबलावर असतात. जरूर घ्या. पण आहे त्या भट्टीवर झाकण आहे का?

टनभर बीड 1500 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला शास्त्राच्या हिशेबाने 400 च्या आत युनिट पुरतात. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी मीटर 600 च्या पुढे पळतो. थोडी वीज कॉइलच्या पाण्यात जाते, थोडी अस्तरातून, आणि बरीच सरळ वर, उघड्या तोंडातून. ही शेवटची गळती तर थोडक्या खर्चात थांबण्यासारखी.

घरी डाळ उघडी शिजत ठेवली तर आई रागावते ना? झाकण ठेवलं की आच बारीक करता येते. शिवाय पानं मांडायच्या आधी डाळ तासभर रटरटत ठेवायची नसते. आपण नेमकं तेच करतो. साचे तयार नाहीत, क्रेन अडकलेली, लॅबचा रिपोर्ट यायचाय, आणि रस 1450 अंशांवर ताटकळतोय. झाकण? बिजागरी वाकली म्हणून भिंतीला टेकवलेलं, वर हातमोजे वाळत घातलेले!

मेल्टर म्हणतात, भंगार टाकताना ते आडवं येतं. तक्रार खरी आहे. हाताने उचलायचं जड झाकण कुणी वापरणार नाही. हायड्रॉलिकवर बाजूला सरकणारं बसवा. पुन्हा सांगतो, नव्या भट्टीच्या आधी झाकण.

दुसरं, रनर-रायझर वाळूसकट भट्टीत टाकू नका. ती वाळू तापवायलाही वीज लागते, तिची मळी होते, मळी काढायला झाकण पुन्हा उघडावं लागतं. आणि ओलं भंगार तर मुळीच नको, रसाखाली सापडलेल्या पाण्याचा स्फोट होतो. माणसं भाजतात हो.

उद्या पहिल्या पाळीला आधी साचे मोजा, मग भट्टी लावा. आणि ती वाकलेली बिजागरी आजच दुरुस्तीला पाठवा.